मोठ्या माणसाने काय केलं?

चावा सोडवायचा असेल तर हात मागे ओढायचा नाही, पुढे ढकलायचा, चावणाऱ्याच्या तोंडातच. ओढला की मांस फाटतं, ढकलला की जबडा आपोआप उघडतो. कुणी केस धरले तर केस सोडवायच्या फंदात पडायचं नाही. धरणाऱ्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून ठेवायची. खुर्ची उचलली गेली की समोर थांबायचं नाही, तिरकं उभं राहायचं. हे सगळं मला नेदरलँड्समधल्या टिलबर्गमध्ये दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलं. मी तेव्हा गालातल्या गालात हसत होते. प्राथमिक शाळेत चालले होते मी, कुस्तीच्या आखाड्यात नाही. तिसऱ्याच महिन्यात मला चावा बसला आणि शिकवलेलं सगळं विसरून मी हात ओढला.

नवऱ्याच्या नोकरीमागे मी या देशात आले. पुण्यात बी.एड. करून तीन वर्षं शिकवलं होतं, पण इथे ती पदवी कुणी विचारली नाही. दोन वर्षं घरात बसून डच शिकले, आणि मग मदतनीस शिक्षिका म्हणून एका संस्थेत लागले. संस्थेच्या नऊ शाळा. सरकारी पैशावर चालतात, पण कारभार संस्थेचा. सगळ्या शाळांच्या भिंतींवर तीच पोस्टर्स, प्रत्येक वर्गात तोच पिवळा गालिचा, भांडण झालं तर मुलांनी म्हणायची वाक्यंसुद्धा तीच. आज या शाळेत शिक्षक कमी पडला तर उद्या त्या शाळेतून पाठवतात. मला हे आवडायचं. नियम छापलेला असला की मला बरं वाटतं, तो पाळायचा की नाही हे नंतर बघू.

माझं काम एका मुलीपुरतं होतं. नऊ वर्षांची, काडीसारखी, पुढचा एक दात पडलेला. चित्रं अशी काढायची की बघत राहावं. पण ती काही करत असताना कुणी मध्येच थांबवलं तर संपलं. टेबल उलटायची, पाण्याची बाटली शेजारच्याच्या कानशिलात हाणायची. एकदा एका मुलाच्या हाताच्या पाठीत तिने पेन्सिल खुपसली, टोक आत मोडलं. अशा वेळी तिला उचलून बाहेर न्यायचं ते मी. व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खोली होती, तिला शांत खोली म्हणत. आत एक गादी, बाकी काही नाही. दाराला हातभर काच. त्या खोलीइतकी आरडाओरड मी आयुष्यात ऐकलेली नाही.

प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती. मोठ्या माणसाला इजा झाली, किंवा मुलाला धरून ठेवावं लागलं, तर त्याच दिवशी कॉम्प्युटरवर घटनेचा फॉर्म भरायचा. आधी काय घडलं होतं, मुलाने काय केलं, कुणाला काय लागलं, आणि अगदी शेवटी एक रकाना: मोठ्या माणसाने काय केलं? फॉर्म मुख्याध्यापिकेकडे जायचा आणि तिथून संस्थेच्या मुख्य कार्यालयात. जेवणाच्या सुट्टीत चीज लावलेला पाव खाता खाता एक सहकारी म्हणाली, "एकाच मुलाचे तीन झाले की मुख्य कार्यालयातून माणूस येतो."

मी ते माझ्या पद्धतीने ऐकलं. आमच्या शाळेत वहीत लाल शाईने शेरा यायचा. 'पाल्याचे वर्तन समाधानकारक नाही, पालकांनी भेटावे.' तो शेरा आला की त्या दिवशी घरी पाठीवर पट्टी बसणार हे ठरलेलं. तीन शेरे म्हणजे शाळेतून नाव काढणार. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं असंच काढलं, आणि पुढे ती लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासताना दिसली. लिहून ठेवणं म्हणजे शिक्षा, हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. शिक्षिका झाल्यावर मीही तसे शेरे लिहिले. मुलं ते वाचून कशी पांढरीफटक पडतात ते मी टेबलाच्या अलीकडून पाहिलेलं आहे.

नोव्हेंबरमधला तो मंगळवार होता. तिच्या अंगात जांभळा स्वेटर होता. चित्राची वही मिटायला सांगितली म्हणून तिने शेजारणीच्या तोंडावर बाटली मारली आणि मी तिला शांत खोलीत नेलं. दार लावायला वळले तेवढ्यात तिने माझी वेणी धरली. इतक्या जोरात ओढली की माझं डोकं भिंतीवर आपटलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग ती थुंकली. नडगीवर लाथा बसल्या, एक, दोन, मग मी मोजायचं सोडलं. आणि मग तिने माझ्या मनगटात दात रोवले. मी हात ओढला. कातडं निघालं, रक्त गादीवर पडलं, आणि माझा पारा असा काही चढला की मला मी दिसेनाशी झाले.

मी तिचा उजवा दंड धरला. शिकवल्यासारखा नाही. पिळून काढावा तसा धरला, तिला गदागदा हलवलं आणि मराठीत ओरडले, "गप! गप म्हणते ना कार्टे, एक शब्द नको!" तिला त्यातलं एक अक्षर कळलं नसेल. पण ती गप झाली. एकदम. हात-पाय सैल पडले. आणि आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते: मला बरं वाटलं. चार सेकंद असतील, पण छातीत गार वाटलं.

हात सोडला तेव्हा तिच्या दंडावर बाहेरून चार बोटं आणि आतून अंगठा उमटला होता. तिने मान वाकडी करून ते बघितलं आणि स्वेटरची बाही खाली ओढली. मी माझी बाही मनगटावर ओढली. दोघी तशाच वर्गात परत गेलो.

दुपारी फॉर्म उघडला. सगळं भरत शेवटच्या रकान्यापर्यंत आले. मोठ्या माणसाने काय केलं? कर्सर लुकलुकत होता. मी लॅपटॉप मिटला. सायकलवरून घरी जाताना मी स्वतःची समजूत घातली की बरंच झालं, उगाच एक फॉर्म कमी. तीन झाले तर पोरीला काढतील, कुठे जाईल बिचारी. ऐकायला इतकं छान होतं की माझा त्याच्यावर विश्वास बसला. पहिला भरला नाही म्हटल्यावर दुसरा कुठल्या तोंडाने भरणार? दुसऱ्यात पहिल्याविषयी विचारतील.

त्यानंतरचा हिवाळा मार खाण्यात गेला. मी पुन्हा तिच्यावर हात टाकला नाही, त्या एका दिवसाने मला पुरती धडकी भरली होती. तिचं मारणं मात्र वाढतच गेलं. दंडावर दातांचे गोल, नडगीवर हिरवे-निळे डाग, एकदा डोक्याने हनुवटीवर मारलेली धडक, त्याने जीभ चावली गेली आणि आठवडाभर तिखट खाता आलं नाही. मी लांब बाह्यांचे कपडे घालायचे. वर्गशिक्षिका सव्वीस मुलं सांभाळत असायची. ती विचारायची, "आज काही झालं का?" मी म्हणायचे, "काही नाही, थोडं रडली." शांत खोलीचं दार जाड होतं.

नवऱ्यापासून काय लपणार? तो प्रत्येक डागाचा मोबाइलवर फोटो काढायचा. "हात इकडे कर, लाइटमध्ये," तो म्हणायचा. "अगं, हे नॉर्मल नाहीये. उद्या काही झालं तर आपल्याकडे प्रूफ पाहिजे."

"काही होत नाही रे. लहान आहे ती."

"लहान आहे म्हणे! कुत्रा चावल्यासारखं दिसतंय. डॉक्टरकडे जा तरी."

मी गेले नाही. डॉक्टरही लिहून ठेवतात.

नाताळच्या आधी मुख्याध्यापिकेने सगळ्यांसमोर माझ्या हातात फुलं दिली. मी आल्यापासून त्या मुलीचा एकही फॉर्म नाही, म्हणजे आपली पद्धत यशस्वी झाली, असं म्हणाली. टाळ्या वाजल्या. गुच्छाच्या वजनाने मनगट ठणकत होतं आणि मी सगळ्यांना धन्यवाद देत होते. लाज वाटली का? वाटली. फुलं घरी आणून पाण्यात ठेवली का? तीही ठेवली.

तिची आई रोज सव्वादोनला फाटकाशी यायची. शहराबाहेरच्या एका गोदामात पार्सलं भरायची, पहाटेची पाळी संपवून थेट तिथूनच यायची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मी बघत असे: मुलगी दिसली की ही बाई गुडघ्यांवर बसायची आणि तिला अशी कवटाळायची की दप्तरासकट चुरगळून टाकेल. हिवाळ्यात ते थांबलं. आता ती हात जॅकेटच्या खिशात घालून उभी राहायची. मुलगी जवळ आली की मान हलवायची आणि चालू लागायची, मुलगी दोन पावलं मागे. पालकांना शिक्षकांशी दहा मिनिटं बोलायला बोलावतात, त्यालाही ती आली नाही. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "बघ, पोर अशी का झाली ते कळतंय आता. आईला पडलेलीच नाही." दुसऱ्याच्या आईबद्दल बोलायला मला कधी फॉर्म लागला नाही.

मार्चमध्ये एका सकाळी शांत खोलीपर्यंत जायला वेळच मिळाला नाही. वर्गशिक्षिकेने मुलीच्या टेबलावरचा ब्रश उचलला, एवढंच. मुलीने खुर्ची दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली आणि फेकली. लोखंडी पाय शिक्षिकेच्या तोंडावर बसला. तो आवाज मी विसरू शकत नाही, कडक आणि ओला. बाई गालिच्यावर बसली, तिने ओंजळ तोंडाखाली धरली आणि ओंजळीत रक्ताबरोबर दोन दात आले. मुलं किंचाळत भिंतीला चिकटली. मुलगी दुसरी खुर्ची उचलत होती.

मी तिला मागून धरलं, या वेळी शिकवल्याप्रमाणे. तिचे हात तिच्याच छातीवर आडवे, माझी हनुवटी बाजूला, दोघी जमिनीवर. ती टाचांनी माझ्या मांड्या कुटत होती, डोकं मागे आपटत होती. बाकीच्या मुलांना बाहेर नेलं, शिक्षिकेला गाडीतून नेलं, आणि आम्ही दोघी त्या रिकाम्या वर्गात रक्ताशेजारी पडून होतो. बऱ्याच वेळाने तिचं अंग ढिलं पडलं. मी हात सैल केले तशी ती म्हणाली, "सोडू नकोस. अजून घट्ट धर."

मला त्याचा अर्थ कळला नाही. मी घट्ट धरलं.

तिला शाळेत यायला बंदी झाली. पुढच्या आठवड्यात बैठक ठरली. मुख्याध्यापिका, मुख्य कार्यालयातली मुलांच्या वर्तनाची तज्ज्ञ, मुलीची आई आणि मी. मुलीचं नाव आमच्या शाळेतून काढायचं की नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं. काढलं तर तिला तासभर दूर असलेल्या एका शाळेत पाठवणार होते, जिथे सगळी अशीच मुलं. सकाळी व्हॅन घेऊन जाणार, संध्याकाळी आणून सोडणार.

मी नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं, दंडाचंही. तो डबा भरत होता, तसाच थांबला.

"तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "मुलांवर हात उचलला अशी एकदा नोंद झाली ना, की या देशात शाळेची दारं बंद तुला. सगळीकडे चारित्र्याचं सर्टिफिकेट मागतात. आणि आपली रेसिडेन्सी अजून व्हायची आहे. फोटो आहेत ते आपल्यासाठी आहेत, तिच्यासाठी नाहीत."

"मला पाठव ते."

"अगं—"

"पाठव म्हणते ना."

त्याने पाठवले. सतरा फोटो. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

बैठकीला आईला मुलीला घेऊनच यावं लागलं, घरी ठेवायला कुणी नव्हतं. मुलगी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली, चित्राची वही मांडीवर घेऊन. मुख्याध्यापिकेने सांगितलं की हा हल्ला अचानक झाला, मोठ्यांवर हात टाकण्याचं आधी काही लक्षण नव्हतं, म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. तज्ज्ञ बाईने मुलीची फाइल उघडली. सप्टेंबरपासून एकही फॉर्म नव्हता.

"मला हे समजत नाही," ती म्हणाली. "तीन फॉर्म झाले असते तर डिसेंबरमध्ये मी स्वतः या वर्गात येऊन बसले असते. रोज दोन तास एक थेरपिस्ट देता आली असती. माझ्याकडे जागा होती. कुणी मागितली नाही, म्हणून मी ती दुसऱ्या शाळेला दिली."

मला कुणी तोंडात भडकावल्यासारखं झालं. मी चार महिने ज्याला शेरा समजत होते तो अर्ज होता. फॉर्म मुलाविरुद्ध नव्हता, मुलासाठी होता. हे प्रशिक्षणात सांगितलं असणार. मी लाल शाई बघत बसले होते.

मी फोन टेबलावर ठेवला आणि फोटो एकेक करून पुढे सरकवले. तारखा होत्या. मुख्याध्यापिकेचा चेहरा लाल होत गेला, तज्ज्ञ बाई पटापट लिहू लागली. आईने पहिल्या चार-पाच फोटोंनंतर मान खाली घातली. मग मी म्हटलं, "अजून एक आहे, त्याचा फोटो नाही." आणि तो मंगळवार सांगितला. दंड, पिळणं, हलवणं. माझं डच अशा वेळी साफ कोलमडतं. एकदोन क्रियापदं मला आली नाहीत, ती मी हाताने करून दाखवली.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. मुलगी शाळेत राहिली. तज्ज्ञ बाई तीन आठवडे वर्गात बसली, थेरपिस्ट मिळाली. वर्गशिक्षिका दात बसवून जूनमध्ये परतली. ती माझ्याशी बोलत नाही. मला लेखी ताकीद मिळाली आणि संस्थेच्या दुसऱ्या शाळेत हलवण्यात आलं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथेही भिंतीवर तीच पोस्टर्स आहेत. आता मी फॉर्म खालून वर भरते, शेवटचा रकाना आधी.

पण मला सांगायची आहे ती बैठकीतली पुढची पाच मिनिटं. माझं बोलून झाल्यावर आईने मान वर केली.

"कुठल्या मंगळवारी?" तिने विचारलं.

"नोव्हेंबरमधला. जांभळा स्वेटर होता."

"उजवा दंड," ती म्हणाली. "बाहेर चार, आत एक."

"हो."

"मी अंघोळ घालताना बघितलं." ती टेबलाकडे बघत बोलत होती. "त्या सकाळी ती जिन्यावरून उतरत नव्हती. मी पाळीवरून तासाभराची सुट्टी काढून तिला शाळेत सोडायला आले होते, उशीर होत होता, मी तिला त्याच दंडाला धरून खाली ओढलं होतं. संध्याकाळी ते वळ दिसले. मी माझा हात त्याच्यावर ठेवून बघितला. बरोबर बसला."

तिने हात पुन्हा जॅकेटच्या खिशात घातले.

"त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही. ती मारते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. मला माझ्या हातांची भीती वाटायची. तुमच्याकडे बोलायला येणार होते तेव्हा वाटलं, तुम्ही तेच विचाराल." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "हात दाखव."

मी उजवा हात टेबलावरून पुढे केला. तिने आपला तळवा माझ्या तळव्याला लावला. बोटाला बोट. तिचा हात खरखरीत होता, खोक्यांनी कापलेला, पण माप तेच. मला वाटलं आता ही मारणार, आणि खरं सांगते, मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने हात काढून घेतला, खुर्ची मागे सारली आणि ती बाहेर गेली.

दाराला हातभर काच होती. आम्ही तिघींनी त्यातून पाहिलं. आई व्हरांड्यात गुडघ्यांवर बसली आणि तिने मुलीला वहीसकट कवटाळलं. मुलगी आधी ताठ झाली. मग तिने दोन्ही मुठींनी आईच्या पाठीत मारायला सुरुवात केली. खांद्यांवर, मानेवर, कानावर, जिथे पोचतील तिथे, आणि ओरडायला लागली. आईचं डोकं प्रत्येक ठोशासरशी हलत होतं. मुख्याध्यापिका उठली तर तज्ज्ञ बाईने तिच्या दंडावर हात ठेवून तिला खाली बसवलं. आईने हात सोडले नाहीत.